मिसिंग आलं की कार्बोरेटर बदला? आधी वायर तर उपसून बघा!

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ऊन तापायला लागलं की एक मेसेज हमखास फिरतो. पद्मिनी असो की ॲम्बेसेडर, इंजिन मिसिंग मारत असेल (म्हणजे एखादं सिलिंडर पेटत नसेल), थरथरत असेल तर त्यातला सल्ला असा: कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) गेलाय, मारुती 800 चा बसवा, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) थोडं पुढे घ्या, मूळ दोष इथेनॉलचा आहे, टाकीत जरा रॉकेल घाला, आणि उन्हात बंद पडली तर इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर ओलं फडकं गुंडाळा. जालना काय नि नांदेड काय, गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून मिस्त्रीलाच शिकवतंय. त्यातला फडक्याचा उपाय तेवढा खरोखर चालतो, तेही एका अटीवर.

आधी कार्बोरेटर. पद्मिनीला सिलिंडर चार, कार्बोरेटर एक. मिश्रण बिघडलं तर त्रास चौघांनाही व्हायला पाहिजे. एकच सिलिंडर मेलं असेल तर कार्बोरेटरवर आळ कशाला? आणि हे तपासायला पैसा लागत नाही. इंजिन स्लोवर ठेवा, रबरी मुठीच्या पकडीने प्लगची (सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या भागाची) एकेक वायर उपसा आणि कान द्या. चांगल्या सिलिंडरची वायर निघाली की इंजिन लगेच खाली बसतं. मेलेल्याची काढली तर आवाजात काडीचा फरक पडत नाही. सापडलं सिलिंडर! आता त्याचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग बाद. नाही गेला तर वायर बदला. तरीही ढिम्म, तर डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून उजेडात धरा. आतून केसाएवढी काळी रेघ दिसली की करंट तिथून पळतोय. कॅपही स्वच्छ निघाली तर मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) तपासा. रात्री अंधारात चालू इंजिनाचं बोनेट उघडलंत तर चिरलेल्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. जुन्या मिस्त्रींची ही आवडती तपासणी. हल्ली कुणी तेवढा वेळ थांबत नाही.

शेजारशेजारची दोन सिलिंडरं एकदम मेली तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग) मधे उडालंय का बघा. ॲम्बेसेडरच्या हेडात 1-2 ला मिळून एक इनटेक वाट, 3-4 ला दुसरी. त्यामुळे मॅनिफोल्डचं (कार्बोरेटरातून हेडात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट एका टोकाला हवा घेत असेल तर त्या बाजूची जोडीच लंगडते. सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. ते आत ओढलं जाऊन आवाज बदलला, तर गळती तिथेच. कुणी व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारा मीटर) लावून घाबरवलं तर एक लक्षात ठेवा: पुस्तकातले 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे. संभाजीनगर साधारण 570 मीटर उंचीवर आहे, इथे जवळजवळ दोन इंच कमीच दिसणार. एवढ्यावरून इंजिन खोलायला सांगणारे आहेत, म्हणून लिहिलं.

कार्बोरेटर कधीच दोषी नसतो असं नाही. चोक किंचित ओढल्यावर इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी पडतंय: जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा किंवा कुठून तरी जादा हवा. चोकने आणखी बिघडलं आणि प्लग काजळीने काळे, तर पेट्रोल जास्त: फ्लोटची सुई (आत येणारं पेट्रोल अडवणारी) नीट बसत नाही. दोन्हींत तो साफ करायचा असतो, फेकायचा नसतो. मारुतीचा कार्बोरेटर 796 सीसीच्या तीन सिलिंडरांसाठी जेट केलेला. 1089 सीसीच्या पद्मिनीवर तो बसतो, गाडी चालतेही; पण मिसिंग करंटचं असेल तर ते नव्या कार्बोरेटरखालीही तसंच राहतं.

टायमिंग पुढे घेतल्यावर पिकअप येतो हे खरं. का येतो ते बघा. डिस्ट्रिब्युटरातल्या पॉइंटची (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) टाच झिजली की गॅप कमी होतो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग आपोआप मागे पडतं. डिस्ट्रिब्युटर फिरवून तुम्ही ती झीज फक्त झाकली. आधी फीलर गेजने गॅप लावा (ॲम्बेसेडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला 0.35 ते 0.40 मिमी), मग 12 व्होल्टच्या बल्बवर टायमिंग. पॉइंटच्या एका तोंडाला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा असेल तर त्याला जोडलेला कंडेन्सरही बदला.

इथेनॉलचं अर्धं खरं आहे. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांचंही इथेनॉल या पेट्रोलमध्ये जातं, तेव्हा दोष द्यायचा तर आपल्याच उसाला. 20 टक्के इथेनॉल असलं की तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं. नव्या गाड्यांचा सेन्सर ते जुळवून घेतो, जुना कार्बोरेटर नाही. पण हा उपास चारही सिलिंडरांना सारखाच घडतो. खरं नुकसान जुन्या रबराचं: नळ्या, पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा). शिवाय टाकीतला गंज सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीत इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घाला, मेन जेट किंचित मोठा करा. रॉकेलने यातलं काहीच होत नाही. उलट ऑक्टेन पडतं, इंजिन नॉक करतं, आणि न जळलेलं रॉकेल ऑइलमध्ये उतरतं.

राहिलं फडकं. मे महिन्यात चाळीसगावकडून औट्रम घाट चढताना ब्लॉकला चिकटलेला पंप इतका तापतो की पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंप नुसते बुडबुडे ढकलतो. ओल्या फडक्याने गाडी खरोखर सुरू होते. पण ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल तापली तर तीसुद्धा अशीच दगा देते, आणि फडकं वाळेपर्यंत तीही थंड होते. श्रेय मात्र फडक्याला. म्हणून बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, एक प्लग काढा, त्याच्या वायरीलाच जोडून इंजिनाच्या धातूला टेकवा, भोकापासून लांब, आणि सेल्फ मारा. ठिणगी आली तर फडकं भिजवा, पण डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडू देऊ नका. नाही आली तर पंपाला हात लावू नका, कॉइल बघा.