खुर्ची आजोबांनी अडवलेली नाही

नागपुरातल्या स्पर्धा परीक्षावाल्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. 'राज्यात निवृत्तीचं वय ५८चं ६० करू नका. म्हातारे खुर्च्या अडवतात, पेन्शन खाऊन तिजोरी रिकामी करतात. आपला देश तरुणांचा आहे.'

आधी खुर्च्यांचं बघू. एका कचेरीपुरतं हे खरं आहे. मंजूर पदं ठरलेली. साहेब दोन वर्षं जास्त थांबले की जागा दोन वर्षं उशिरा सुटते. पण राज्य सरकारची लाखाहून जास्त पदं आजही रिकामी आहेत. त्यांवर कोणी आजोबा बसलेले नाहीत, भरतीच होत नाही. निवृत्तांनाच पुन्हा कंत्राटावर घेतात, त्याविरुद्ध खुशाल बोंब मारा, मीही येतो. कचेरीबाहेर मात्र कामांचा आकडा असा बांधलेला नसतो. कमावणारा खर्च करतो, त्यातूनच दुसऱ्याला काम मिळतं. फ्रान्सने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्तीचं वय ६५वरून ६०वर आणलं, तरुणांची बेरोजगारी काही हटली नाही. जपानमध्ये दर चार माणसांमागे एकाहून जास्त ६५च्या पुढचं. तिथे बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आत आणि टंचाई कामगारांची. आपली नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी २००२ साली बंद पडली, तीही म्हातारे कामगार हटत नव्हते म्हणून नव्हे.

आता पेन्शन. सरकारी पेन्शनचा बोजा मोठा आहे, हे कबूल. पण 'म्हातारे' म्हणजे सगळेच निवृत्त अधिकारी का, राजेहो? खासगी कारखान्यात घाम गाळलेल्यांची ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४पासून महिन्याला १००० रुपये. गरीब म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत १५००. एवढ्यात औषधं तरी भागतात का? म्हणून इतवारी-गांधीबागेत साठी उलटलेली माणसं अजून सायकलरिक्षा ओढतात, हमाली करतात. २०१७-१८च्या लासी या वयस्कांच्या देशव्यापी पाहणीत देशभरातल्या साठीपुढच्या साधारण दर तिघांतला एक जण कामावरच होता. त्यांना निवृत्तीचं वय कोणी विचारलेलंच नाही. आणि ज्या घरात चांगली पेन्शन येते तिथे ती जाते कुठे? किराण्यात, दवाखान्यात आणि बऱ्याचदा नातवाच्या अभ्यासिकेच्या फीत. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांतल्या काहींची फी तिथूनच येत असेल.

तरुण देशाची गोष्ट थोडक्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला, लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतो. २०११च्या जनगणनेतच राज्यात साठीपुढचे जवळपास दहा टक्के होते. हा आकडा वाढणारच.

त्यातून कामही वाढतं आहे. मुलं पुण्याला, बेंगळुरूला गेली की नागपुरातल्या घरी आजीपाशी रात्री थांबायला बाई शोधतात. तिला बहुतेकदा ना प्रशिक्षण, ना ठरलेला पगार, ना सुटी. रोजगाराचा मेसेज लिहायचाच तर या बाईच्या पगाराबद्दल लिहा.