ईयोबाचा ‘उद्धारक’: थोडा खुलासा

ईस्टर आला की एक संदेश फिरू लागतो: ‘ईयोब १९:२५-२६ मध्ये येशूच्या पुनरुत्थानाचं स्पष्ट भाकीत आहे.’ ईयोब हे बायबलच्या जुन्या करारातलं, म्हणजे येशूच्या आधीच्या भागातलं, खूप दुःख सोसलेल्या ईयोबाचं पुस्तक. संदेशातला ‘स्पष्ट’ हा शब्द खटकतो.

‘उद्धारक’साठी मूळ हिब्रू शब्द आहे ‘गोएल’. गोएल म्हणजे कर्जात गेलेली जमीन सोडवणारा, हक्कासाठी उभा राहणारा जवळचा नातलग. बायबलमधल्या रूथच्या कथेत विधवा रूथला आधार देणारा बवाज असाच. सगळ्यांनी टाकलेला ईयोब म्हणतो, माझी बाजू घेणारा कुणीतरी जिवंत आहे. पुढची ओळ, ‘मिब्बसारी मी देवाला पाहीन’, तर फारच अवघड. ‘मिब्बसारी’चा अर्थ ‘माझ्या देहातून’ होतो, तसाच ‘देहाविना’ही. शिवाय १४व्या अध्यायात हाच ईयोब विचारतो, मेलेला माणूस पुन्हा जगेल का?

पण म्हणून ‘जुन्या करारात पुनरुत्थान नाहीच’ हेही खरं नाही (हा दुसरा फॉरवर्ड!). जुन्या करारातल्याच दानीएलाच्या पुस्तकात (१२:२) मातीत निजलेले जागे होतात. ईयोबाच्या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या शेवटी तर, प्रभू ज्यांना उठवील त्यांच्यासोबत ईयोबही उठेल, असं वाक्य जोडलेलं आहे. ख्रिस्ती वाचकाला त्या गोएलमध्ये येशू दिसतो तो मागे वळून वाचताना. त्या श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही.