सातव्या नंबरचा गोविंद

"कुला शेकर? कुणाचा शेखर हा? कुलकर्ण्यांचा?"

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे लंडनच्या हॅरो भागात आलेली. आम्ही एम-२५वर, लंडनभोवतीच्या मोटरवेवर, ट्रॅफिकमध्ये रुतलेलो. मागच्या सीटवर ऑफिसातला गोरा मित्र, त्याला वाटेत सोडायचं होतं. पळून जाता येणार नाही असे दोन श्रोते मला आयुष्यात प्रथमच मिळाले होते.

मी सुरू झालो. कुलशेखर म्हणजे दक्षिणेतले आळवार संत, राजेसुद्धा. त्यांच्यावरून इंग्रज पोरांनी आपल्या रॉक बँडचं नाव ठेवलं, 'कुला शेकर'. १९९६ साल, ओएसिस बँड मोठा की ब्लर यावर भांडून ब्रिटन दमलेलं, आणि ही मंडळी साठच्या दशकातली वाँव-वाँव गिटार, ऑर्गन, तंबोरा घेऊन उभी राहिली. पहिलाच अल्बम, 'के', ब्रिटनच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या नंबरवर! 'गोविंदा' हे अख्खं संस्कृत गाणं सातव्या नंबरवर! (दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत घेऊनही माझा कधी सातवा नंबर आला नव्हता.)

गाणं लावलं. आईने अंगठीने पर्सवर ठेका धरला. मला भरून आलं. तेवढ्यात गिटार घुसली आणि आईने शाल कानांवर ओढली. "बरं चाललं होतं रे भजन. मध्येच मिक्सर कुणी लावला?"

मागून मित्र म्हणाला, "तुमच्या देवळातलं का हे?"

"नाही रे बाबा, तुमचंच!"

"आमचं? छे!" मग जरा वेळाने, "थांब, यांचा गायक म्हणजे तो नटी हेली मिल्सचा मुलगा ना? क्रिस्पियन? बड्या घरचं पोर, निघालं मोक्षाला!"

तीसेक वर्षं हेच. इंग्रजांना हे हिंदू वाटतं, हिंदूंना इंग्रज. १९९९मध्ये बँड फुटला, पुढे परत जमला, २०२४मध्येही नवा अल्बम काढला. आमच्याकडे कुणाला पत्ता नाही.

घाईघाईने त्यांचंच 'तत्त्व' लावलं. हे तर चौथ्या नंबरपर्यंत गेलेलं. "अचिंत्य भेदाभेद" ऐकताच आई सावरून बसली. "अरे, हे चैतन्य महाप्रभूंचं! पण हा 'तत्वा' काय म्हणतोय? दोन त आहेत त्यात."

मागे वळून तिने मित्राकडून 'तत्त्व' घोटून घ्यायला सुरुवात केली. "त्-त्-व. जीभ दाताला लाव." गाडी अर्धा मैल सरकली. गाणं कधी संपलं, कुणाला कळलंच नाही.

उतरताना त्याने बँडचं नाव पुन्हा विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कुलकर्णी."