पट्टीची कड का उजळते?
ल्युमिनेसंट सोलर कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऊन गोळा करून कडेच्या सोलर सेलकडे नेणारा रंगीत पत्रा, यावरचा तुमचा लेख वाचला. त्यावर बसवायचा निवडक परावर्तक म्हणजे 'एकाच रंगाला अडवणारा आरसा', एवढंच सांगून लेख पुढे गेला. खरी गोम तिथेच आहे हो! मुलीच्या कंपासमधली नारिंगी फ्लोरोसंट पट्टी उन्हात धरून बघा. मधला भाग साधाच, कडा मात्र पेटल्यासारख्या. या पत्र्यातही तसंच होतं: रंगद्रव्य ऊन शोषून जास्त तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्याकडचा, प्रकाश सोडतं. त्यातला साधारण ७५ टक्के आत अडकून कडेच्या सोलर सेलकडे जातो, उरलेला वरून-खालून निसटतो. परावर्तक ऊन आत येऊ देतो आणि हा निसटणारा प्रकाश परत फिरवतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या संशोधकांनी द्रव-स्फटिकांचे (लिक्विड क्रिस्टल) असे थर वापरून पाहिलेत. पण किरण तिरपे पडले की परावर्तनाचा पट्टा, म्हणजे आरसा परतवतो ते रंग, निळ्याकडे सरकतो, म्हणून आरसा मुद्दाम तांबड्याकडे झुकता ठेवावा लागतो. यावर पुढचा लेख जरूर लिहा.