तुलनागट नसलेला पुरावा कधी मानावा?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मी आपला आभारी आहे. मांजरांच्या एफआयपी या कोरोना विषाणूजन्य रोगावरील जीएस-441524 या औषधाबद्दलच्या माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत. केवळ 31 मांजरांवर झालेल्या, तुलनागट (औषध न मिळालेल्यांचा गट) नसलेल्या अभ्यासाला मी ठोस पुरावा म्हटले, हा पहिला. आणि त्यावरून माणसांच्या उपचारांविषयी अनुमान काढले, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही, दुसरा मान्य आहे.

औषध दिले नसते तर रुग्णाचे काय झाले असते, हे कळण्यासाठी तुलनागट लागतो. क्षयरोगात ते आधी सांगता येत नसे, कारण काही रुग्ण नुसत्या विश्रांतीनेही सुधारत. म्हणूनच 1948 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत रुग्णांचे दोन गट केले गेले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4, तर विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14 रुग्ण दगावले. दुसरा आकडा नसता तर पहिल्याचा अर्थच लागला नसता. एफआयपीची गोष्ट वेगळी आहे. या रोगाने पोटात किंवा छातीत पाणी साचलेले मांजर उपचारांविना बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरते, हा पशुवैद्यांचा अनेक दशकांचा अनुभव आहे. पशुवैद्यक संशोधक नील्स पेडर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 31 पैकी 26 मांजरांचा किमान बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण झाला आणि त्यांतील 24 निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा जिवंत होती. मरण इतके निश्चित असताना निम्म्या मांजरांना औषधाविना ठेवणे मला क्रूर वाटते, आणि त्यातून नवे फारसे काही कळलेही नसते.

अशा अभ्यासाची खरी दुखरी जागा निदान ही आहे, आणि तिचा उल्लेख आपल्या प्रतिक्रियेत नाही. एफआयपीचे निदान अवघड असते. रोग नसलेली मांजरे गटात शिरली, तर औषधाचे यश फुगलेले दिसते. शिवाय औषध किती दिवस द्यावे यासारख्या प्रश्नांना तुलना हवीच. म्युनिकमधील संशोधकांनी ती केली: पाणी साचलेल्या 40 मांजरांचे दोन गट करून त्यांनी 42 आणि 84 दिवसांचे उपचार ताडून पाहिले, आणि 2024 मध्ये दोन्ही सारखेच परिणामकारक असल्याचे नोंदवले.

आता दुसरा आक्षेप. कोविडवर वापरल्या गेलेल्या रेमडेसिव्हिर या औषधाचे शरीरात मोठ्या प्रमाणावर जीएस-441524 मध्ये रूपांतर होते, एवढ्या आधारावर मी मांजरांमधील यशावरून कोविडबाबत आशादायक विधान केले. ते चुकले. कोविडचे बहुसंख्य रुग्ण आपोआप बरे होतात, त्यामुळे तिथे प्लासिबोशी (औषध नसलेल्या, दिसायला तशाच मात्रेशी) तुलना अनिवार्य होती. रुग्णालयात दाखल झालेल्या 1062 रुग्णांवरील रेमडेसिव्हिरच्या चाचणीत बरे होण्याचा मध्यक कालावधी (निम्मे रुग्ण जितक्या दिवसांत बरे झाले तो) 15 दिवसांवरून 10 दिवसांवर आला; मृत्यूंमधील फरक मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. रसायन तेच असले तरी रोग वेगळा, उपचार सुरू होण्याची वेळ वेगळी, आणि म्हणून लाभही वेगळा.

मूळ लेखातील कोविडविषयीचे ते वाक्य मी काढून टाकले आहे. 31 मांजरांचा परिच्छेद तसाच ठेवला आहे. त्यात निदानाच्या मर्यादेविषयी दोन वाक्ये तेवढी जोडली आहेत.