'कन्व्हर्ट करा आणि ओरिजिनल उडवा' म्हणे!

काल रात्री ताईचा फोन आला. "अरे ते कन्व्हर्ट केलेले व्हिडिओ गेम कन्सोलवर लागतच नाहीयेत, आणि कॉम्प्युटरवर लावले तर पिल्लू धावायला लागली की तिच्या हातापायांना कंगव्यासारखे दाते दिसतायत." मी विचारलं ओरिजिनल कुठेयत. तर म्हणे, त्या मेसेजमध्येच लिहिलं होतं ना डिलीट करा म्हणून, केले.

तो मेसेज मलाही तीनदा आलाय, एकदा आमच्या मामेभावाकडूनच. 'गेम कन्सोलवर एचडी व्हिडिओ चालवायचे ६ उपाय'. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १) कन्सोल फक्त एमपीफोर चालवतो, सगळं कन्व्हर्ट करा. २) वेळ नसेल तर फाइलच्या नावातलं शेवटचं एमकेव्ही (हाही व्हिडिओ फाइलचा एक प्रकार) खोडून एमपीफोर लिहा. ३) ४ जीबीच्या वरची फाइल चालत नाही, क्वालिटी कमी करून बसवा. ४) कोडेक पॅक (वेगवेगळे व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाका. ५) ४के (एचडीपेक्षा मोठं चित्र) आणि ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट डेटा) कन्व्हर्ट केलं की जुना व्हिडिओ नव्यासारखा होतो. ६) आता ओरिजिनलची गरज नाही, डिलीट करून जागा वाचवा.

तिसरा आणि पाचवा मुद्दा लिहिणाऱ्याने स्वतः तरी वाचलेत का? ५० एमबीपीएसने ४ जीबी साडेअकरा मिनिटांत भरतात. म्हणजे एका हाताने फाइल लहान करा आणि दुसऱ्या हाताने फुगवा.

आता पहिला मुद्दा. ताईकडे प्लेस्टेशन ३ आहे आणि व्हिडिओ तिच्या जुन्या कॅमेऱ्यातले, एमटीएस फाइल्स, म्हणजे एव्हीसीएचडी. व्हिडिओ रेकॉर्डिंगचा हा फॉरमॅट सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून २००६ मध्ये आणला, प्लेस्टेशन ३ पण त्याच वर्षी आला आणि तोही सोनीचाच. त्याच्या युजर गाइडमध्ये चालणाऱ्या फाइल्सची यादी आहे, त्यात एव्हीसीएचडी चक्क नाव घेऊन लिहिलंय, पुढे कंसात एमटूटीएस आणि एमटीएस. म्हणजे हे व्हिडिओ कन्व्हर्ट करायची गरजच नव्हती! पेनड्राइव्हवर टाकायचे, कन्सोलवर पेनड्राइव्हच्या आयकॉनवर जाऊन त्रिकोणाचं बटण दाबायचं, 'डिस्प्ले ऑल' करायचं, बस. ते बटण दाबलं नाही की फोल्डर रिकामा दिसतो आणि लोकांना वाटतं कन्सोलला फाइल झेपत नाही, माझा अंदाज आहे की अर्धे लोक इथेच फसून कन्व्हर्टर शोधायला जातात.

एमकेव्ही प्लेस्टेशन ३ वर चालत नाही हे खरं, तेवढं मान्य. पण एमकेव्ही हा नुसता डबा आहे, आतला व्हिडिओ बहुतेक वेळा एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) असतो आणि तो कन्सोलला चालतो. मग डबा बदला की! याला रीमक्स म्हणतात, टीएसमक्सर किंवा एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने होतं, व्हिडिओ 'कॉपी'वर ठेवायचा आणि आवाज डीटीएस फॉरमॅटमध्ये असेल तर तेवढाच एसी३ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायचा. काम मिनिटांत होतं आणि चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. हँडब्रेक नावाचा कन्व्हर्टर सगळे सुचवतात पण त्यात व्हिडिओ जसाच्या तसा कॉपी करायची सोयच नाही, तो प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतो, म्हणजे चित्र पुन्हा दाबून लिहितो. अर्थात आतला व्हिडिओ १० बिटचा असेल किंवा लेव्हल ५.१ वगैरेचा, म्हणजे कन्सोलच्या आवाक्याबाहेरचा असेल तर नाइलाज आहे, तेव्हा एन्कोड करावंच लागतं. आणि प्लेस्टेशन ४ असेल तर २०१५ मध्ये आलेला त्याचा मीडिया प्लेअर एमकेव्ही थेट चालवतो, त्यामुळे 'कन्सोल फक्त एमपीफोर चालवतो' हे वाक्य नक्की कुठल्या कन्सोलबद्दल आहे ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

नाव बदलायचं म्हणाल तर एमफोरव्हीचं एमपीफोर केलेलं कधीकधी चालतं, कारण आत डबा जवळजवळ तोच असतो. एमकेव्हीचं नाव बदलून काही होत नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअर नावाकडे बघतच नाही, आत डोकावून चालवतो, म्हणून लोकांना वाटतं जमलं.

४ जीबीची अट खरी आहे, पण ती पेनड्राइव्हच्या एफएटी३२ फॉरमॅटची, व्हिडिओची नाही. प्लेस्टेशन ३ ला तोच फॉरमॅट लागतो, प्लेस्टेशन ४ ला एक्सफॅटही चालतो. मोठी फाइल असेल तर दोन तुकडे करा, नाहीतर कॉम्प्युटरवरून डीएलएनएने (घरच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायची सोय) दाखवा. क्वालिटी कशाला मारताय?

कोडेक पॅकबद्दल एवढंच, की ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, कन्सोल पेनड्राइव्हवरून असलं काहीही इन्स्टॉल करत नाही, आणि मेसेजमधल्या कुठल्यातरी लिंकवरून ते उतरवून कॉम्प्युटरवर चालवलंत तर देव तुमचं भलं करो.

आता पाचवा आणि सहावा, ज्यांच्यामुळे मी हे सगळं लिहितोय. ताईचा कॅमेरा १०८०आय आणि साधारण १७ एमबीपीएसने रेकॉर्ड करायचा, म्हणजे तासाला साडेसात-पावणेआठ जीबी. तेच ५० एमबीपीएसला साडेबावीस जीबी होतात आणि त्यात नवीन काहीच नसतं, कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते कन्व्हर्टर कुठून आणणार? उलट प्रत्येक एन्कोडला थोडं थोडं झिजतं. त्यात ते 'आय' म्हणजे इंटरलेस्ड, एका फ्रेममध्ये दोन क्षण असतात, विषम ओळी एका क्षणाच्या आणि सम ओळी त्यानंतर एक पन्नासांश सेकंदाच्या. चालवताना कन्सोल किंवा टीव्ही ते नीट वेगळं करतो. पण आधी डीइंटरलेस न करता, म्हणजे ते दोन क्षण वेगळे न करता, सरळ ४के ला ताणलं की त्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि ते दाते चित्रात कायमचे बसतात, मागाहून कुठलाही फिल्टर ते धड काढू शकत नाही. आणि कळस म्हणजे प्लेस्टेशन ३ ची धाव १०८०पी (फुल एचडी) पर्यंतच, ४के फाइलला तो नुसतं 'अनसपोर्टेड डेटा' म्हणतो. म्हणजे हा उपाय ज्या कन्सोलसाठी केला त्याच कन्सोलवर चालत नाही, आणि जे चालत होतं ते उपायाच्या नावाखाली डिलीट केलं!

मामेभावाला फोन केला तर म्हणतो, "मी फक्त फॉरवर्ड केलं रे."

ताईने कॅमेऱ्याच्या कार्डवरूनही पुसलंय, पण त्यानंतर त्यावर काही शूट केलेलं नाही. पुसलेल्या फाइल्सवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळतात. तिला सांगितलंय की कार्ड काढून बाजूला ठेव, कॉम्प्युटरही बंद ठेव, मी येईपर्यंत कशालाच हात लावू नकोस. शनिवारी जातोय.