मामा, आतेभाऊ आणि दाजी

स्पॅनिश वारसायुद्ध (1701 ते 1714) समजून घ्यायचं तर वंशावळ काढण्यावाचून सुटका नाही, आणि ती पहिल्याच कागदावर जमली असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. कागद आडवा धरावा, पेन्सिल घ्यावी, खोडरबर मोठा घ्यावा. वरून खाली काढत गेलात तर फसलात. सुरुवात तळापासून: स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स, जन्म 1661, मृत्यू 1700, लग्नं दोन, मूल नाही. जन्मसाल लिहायचंच. इंग्लंडच्या गादीवर त्याच वेळी आणखी एक दुसरा चार्ल्स होता. लग्नात मुंबई आंदण मिळाली ती त्याला.

आता आईबाप. बाप चौथा फिलिप, आई मारियाना. मारियाना ही फिलिपच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. खरं तर ती ठरलेली होती फिलिपच्या मुलाला. मुलगा 1646 साली वारला, तेव्हा 1649 मध्ये होणाऱ्या सासऱ्यानेच तिच्याशी लग्न केलं. त्यामुळे चार्ल्सच्या आईची आई तीच त्याची आत्या. पहिला कागद इथे फाटतो. आत्या म्हणून तिला बापाच्या ओळीत बसवायचं की आजी म्हणून एक ओळ वर? दोन्हीकडे चौकोन काढलात तर पुढे एक बाई जास्तीची निघते. चौकोन एकच काढायचा आणि रेघ वळसा घालून न्यायची, मग ती कितीही वेडीवाकडी दिसो.

मारियानाचा सख्खा भाऊ लिओपोल्ड, पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट. तो चार्ल्सचा मामा. आत्याचा मुलगा, म्हणून आतेभाऊ. आणि 1666 मध्ये त्याने चार्ल्सच्या थोरल्या बहिणीशी, मार्गारीताशी, म्हणजे स्वतःच्या भाचीशी लग्न केलं, म्हणून दाजी. इंग्रजी पुस्तकं हा सगळा संसार ‘अंकल’ आणि ‘कझिन’ या दोन शब्दांत उरकतात. घोळ होतो तो त्यामुळे. रेघांवर सरळ मराठी नाती लिहावीत.

फ्रान्सची बाजू तर मराठीत एका शब्दात संपते: साटंलोटं. 1615 मध्ये स्पेनची मुलगी फ्रान्सला दिली, फ्रान्सची स्पेनला आणली. पुढे 1660 मध्ये त्या दोन घरांतल्या मुलांचं एकमेकांशी लग्न लावलं. त्यामुळे चौदाव्या लुईची बायको मारिया तेरेसा त्याची मामेबहीणही होती आणि आतेबहीणही. चार्ल्सची ही सावत्र बहीण. लग्नाच्या वेळी तिच्याकडून स्पेनच्या गादीचं हक्कसोडपत्र लिहून घेतलं आणि 5 लाख सोन्याच्या एस्कुदोंचा हुंडा कबूल केला. हुंडा काही पोचला नाही. मग फ्रेंच वकील म्हणाले, पैसे नाहीत तर हक्कसोड कसली? मुद्दा आपल्या तलाठ्यालाही पटला असता.

सगळ्यांना चालेल असा वारस एकच होता: मार्गारीता आणि लिओपोल्डच्या मुलीचा मुलगा, बव्हेरियाचा. तो 1699 मध्ये सहाव्या वर्षी गेला. त्याच्या चौकोनावर फुली मारताना पेन्सिल जरा जपून दाबावी. युद्ध टाळायची वाट तिथेच बंद झाली. चार्ल्सने मृत्युपत्रात सगळं राज्य लुईच्या नातवाला, फिलिपला दिलं. तो ‘आंजूचा ड्यूक’. हे आडनाव नव्हे, धाकट्या राजपुत्राला दिलेली पदवी आहे. यादीत आडनाव म्हणून लावलीत तर दुसऱ्या पिढीचे आंजूचे ड्यूक येऊन त्याच्याच घरात शिरतात.

समोर उभा राहिला लिओपोल्डचा धाकटा मुलगा, तिसऱ्या बायकोचा. नाव अर्थातच चार्ल्स. स्पेनचा दावेदार म्हणून हा तिसरा. 1711 मध्ये थोरला भाऊ देवीने वारला आणि हाच सम्राट म्हणून सहावा झाला. स्पेन आणि साम्राज्य एकाच्याच हाती जाणार म्हटल्यावर त्याच्या बाजूने लढणाऱ्या इंग्लंडचा उत्साह मावळला आणि 1713 मध्ये उत्रेख्तला तह झाला. आपल्याकडे त्याच काळात ताराबाई आणि शाहू यांचा गादीवरून झगडा चालू होता, पण तिथे चुलती आणि पुतण्या एवढं म्हटलं की चित्र उभं राहतं.

सहावा चार्ल्स 1740 मध्ये वारला. मुलगा नव्हता. गादीवर आलेल्या मुलीचं नाव मारिया तेरेसा. आता नवा कागद घ्यावा.